वायफायची रांग : घरातल्या राउटरचे दोन बँड

व्याख्यान सुरू होताना फोन बंद करा असं सांगायची पद्धत आहे. मी उलटं सांगणार आहे. फोन बाहेर काढा, सेटिंगमध्ये वायफायच्या पानावर जा आणि तिथे किती नावं दिसतात ती मोजा.

(श्रोते मोजतात.)

अकरा. सतरा. तुमची तेवीस? बरं. इथे सभागृहात एवढी, तर घरी गेल्यावर बेडरूममध्ये उभं राहून मोजा. ठाण्यात, पिंपरीत, कांदिवलीत, जिथे इमारतीला इमारत लागून आहे तिथे तीस-चाळीस नावं सहज दिसतील. ही सगळी नावं म्हणजे तुमच्या हवेतले भागीदार आहेत. आजचा विषय तोच.

मी लोकांच्या घरी जाऊन नेटवर्क बसवून देतो. बहुतेक वेळा बोलावणं येतं ते एकाच वाक्यावर: "प्लॅन वाढवला, तरी नेट अडकतंय." शंभर एमबीपीएसचे दोनशे केले, दोनशेचे तीनशे केले. आणि तरी मुलीची ऑनलाइन मुलाखत चालू असताना चित्र थिजतं, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. बरं, व्हिडिओ कॉलला लागतं किती? दोन ते चार एमबीपीएस. तीनशेतले चार मिळत नाहीत, असं कसं? त्यात आणखी एक गंमत. सकाळी सहाला सगळं झकास चालतं आणि रात्री नऊला बोंब. फायबर तोच, राउटर तोच, भिंती त्याच. मग बदललं काय? शेजारी घरी आले.

अर्थात रात्री कंपनीची मागची लाइनही तुंबलेली असू शकते. म्हणून आधी एक परीक्षा करा. रात्री नऊलाच करा. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. केबलवरही वेग पडलेला असेल तर तक्रार कंपनीकडे करा, आज मी जे सांगणार आहे त्याचा उपयोग नाही. केबलवर पूर्ण वेग येतोय आणि वायफायवर येत नाही, तर दोष तुमच्या घरातल्या हवेत आहे. तो नवीन प्लॅनने जाणार नाही.

आता हवेत नेमकं काय चालतं ते बघू. वायफायचा मूळ नियम अगदी साधा आहे: बोलायच्या आधी ऐका. तुमच्या फोनला काही पाठवायचं असेल तर तो आधी कानोसा घेतो. त्या चॅनलवर दुसरं कुणी बोलत असेल तर थांबतो, शांतता झाली की आणखी किंचित थांबतो आणि मग बोलतो. एका चॅनलवर एका वेळी एकच जण. आणि हा 'दुसरा कुणी' तुमच्याच घरातला असायला हवा असं नाही. वरच्या मजल्यावरचा टीव्ही, शेजारचा लॅपटॉप, समोरच्या विंगमधला कॅमेरा, सगळे एकाच रांगेत. पासवर्ड वेगळे असतात, रांग एकच असते. चाळीतला सार्वजनिक नळ आठवा. हंडा तुमचा, घर तुमचं, पण नंबर लागल्याशिवाय पाणी नाही.

फोनवर त्या ज्या दांड्या दिसतात ना, त्या फक्त आवाज किती मोठा येतोय ते सांगतात. नंबर कधी लागेल ते सांगत नाहीत. म्हणून दांड्या पूर्ण असतात आणि कॉल अडकलेला असतो.

आता बँड. तुमच्या राउटरमध्ये बहुतेक दोन रेडिओ असतात, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि एक ५ गिगाहर्ट्झचा. हा ५ म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे, हे कृपया लक्षात ठेवा. राउटर बसवणारे नावाच्या शेवटी '५जी' लावून जातात आणि लोकांना वाटतं आपल्याकडे ५जी आलं. मोबाइलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी. इथला ५ म्हणजे सेकंदाला पाचशे कोटी कंपनं. दोन्हींचा काही संबंध नाही.

२.४ चा पट्टा जुना. १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने तो विनापरवाना दळणवळणासाठी खुला केला. त्याआधी तो औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी राखलेला होता. थोडक्यात, संदेशवहनाच्या दृष्टीने ती गावाबाहेरची पडीक जमीन होती, मायक्रोवेव्ह ओव्हन जिथे चालतो ती. (ओव्हन २.४५ वर चालतो कारण पाण्याचा रेणू त्याच फ्रिक्वेन्सीला थरथरतो, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. पाणी सर्वात जास्त शोषतं ते त्याच्या कितीतरी वर, २० गिगाहर्ट्झच्या आसपास. २.४५ निवडली कारण ती मोकळी होती आणि पदार्थात पुरेशी आतपर्यंत जाते.) वायफायचं पहिलं मानक १९९७ चं. आपल्याकडे २.४ चा पट्टा परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण रुंदी ८३.५.

या ८३.५ मध्ये आपण चॅनल पाडले एक ते तेरा. वाटतं तेरा रस्ते आहेत. पण दोन चॅनलच्या मध्यांमधलं अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ, आणि बोलायला जागा लागते २० ची. म्हणजे सहावा चॅनल धरला की चौथा, पाचवा, सातवा, आठवा त्यातच आले. एकमेकांना न टेकणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. तुमच्या चाळीस शेजाऱ्यांना मिळून तीन नळ.

इथे पुष्कळ लोक हुशारी करतात. ॲपवर बघतात, १ वर गर्दी, ६ वर गर्दी, मध्ये ३ मोकळा दिसतो. लावला ३. हे सगळ्यात वाईट. का? एकाच चॅनलवर असलात तर तुमचा राउटर शेजारच्याचं बोलणं ओळखतो आणि थांबतो. रांग लांब होते, पण रांग राहते. ३ वर गेलात की तुम्हाला १ आणि ६ चं अर्धवट ऐकू येतं. शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट. मग कधी तुम्ही त्यांच्यावर बोलता, कधी ते तुमच्यावर, आणि दोघांनाही तेच तेच परत पाठवावं लागतं. मोकळ्या दिसणाऱ्या ३ पेक्षा गर्दीचा ६ बरा. १, ५, ९, १३ असे चार पाडता येतात हेही खरं आहे, पण त्यासाठी आख्ख्या इमारतीने पाळायला हवं. एकटे तुम्ही ९ वर बसलात तर ६ आणि ११ च्या मध्ये चेपले जाल.

आता एक हिशेब करू. मला तो फार आवडतो. कोणीही इंटरनेट वापरत नाहीये असं समजा. रात्रीचे तीन वाजलेत. तरी प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी आहे, माझं नाव अमुक' अशी हाळी देतो. याला बीकन म्हणतात. नव्या-जुन्या सगळ्यांना कळावी म्हणून ती सर्वात मंद वेगात दिली जाते. २.४ वर जुनी उपकरणं चालू ठेवलेली असतील तर हा वेग असतो १ एमबीपीएस. समजा बीकन ३०० बाइटचा आहे. म्हणजे २४०० बिट. १ एमबीपीएसला त्याला २.४ मिलिसेकंद लागले, वर सुरुवातीची खूण धरून २.६. दहा वेळा म्हणजे २६ मिलिसेकंद. एका राउटरने सेकंदातला अडीच टक्के वेळ नुसतं नाव सांगण्यात घालवला. एकाच चॅनलवर असे दहा राउटर तुम्हाला ऐकू येत असतील तर पाव हवा गेली. अजून एकही व्हिडिओ सुरू झालेला नाही! आणि तुम्ही पाहुण्यांसाठी वेगळं नाव ठेवलं असेल तर त्याचा बीकन आणखी वेगळा.

५ गिगाहर्ट्झवर सर्वात कमी वेगच ६ एमबीपीएस आहे. तोच बीकन तिथे अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात जातो. दहा राउटरचे मिळून चार टक्के. फरक बघा, चार कुठे आणि सव्वीस कुठे.

शिवाय जागा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने ५ च्या पट्ट्यात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. ८३.५ च्या सातपट. आणि तिथे चॅनल असे आखलेत की २० च्या रुंदीला शेजारचे एकमेकांवर चढत नाहीत.

"पण ५ ची रेंज कमी असते." हे वाक्य मी रोज ऐकतो. खरं आहे. सारख्याच ताकदीने पाठवला तरी तेवढ्याच अंतरावर ५ चा सिग्नल साधारण पाचव्या हिश्श्याइतका मिळतो, आणि भिंतीत तो जास्त मरतो. लोक याला दोष समजतात. माझ्या मते फ्लॅटमध्ये राहणाऱ्यासाठी हाच त्याचा गुण आहे. तुमचं ५ शेजारच्याकडे जात नाही, तसंच त्याचं तुमच्याकडे येत नाही. जी भिंत तुम्हाला अडवते तीच तुमचं रक्षण करते. २.४ वर तुम्ही चाळीस जणांच्या रांगेत असता, ५ वर बहुधा तीन-चार जणांच्या.

भिंत कशाची आहे यावर मात्र बरंच अवलंबून. विटेची चार-पाच इंची भिंत असेल तर ५ बऱ्यापैकी पार होतं. गेल्या काही वर्षांत मोठ्या टॉवरमध्ये माइव्हानचं बांधकाम आलंय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली, आतून सळ्या घातलेली काँक्रीटची भिंत. तिथे दोन भिंतींनंतर ५ संपतं असं धरून चाला. आरसा, फ्रिज, लोखंडी कपाट, माशांची टाकी, हे सगळे अडथळे. पाण्याने भरलेलं काहीही अडथळाच, त्यात आपणही आलो.

मग करायचं काय? राउटरच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाका, आत जा. गेलातच आहात तर आधी राउटरचा मूळ पासवर्ड बदला, तो त्या कागदावर छापलेला असतो आणि घरात येणारा कोणीही वाचू शकतो.

२.४ साठी चॅनलची रुंदी २० ठेवा. 'ऑटो' नको, ४० तर नकोच. ४० केलंत की पट्ट्याची जवळजवळ अर्धी जागा एकट्याने अडवली. मिळत काही नाही, कारण शेजारी मध्येच बोलणार आणि तुम्ही थांबणार. चॅनल १, ६ किंवा ११. कुठला ते अँड्रॉइड फोनवर वायफाय तपासणारी फुकट ॲप मिळतात त्यावर बघा. आयफोनवर अशा ॲपना परवानगी नसते, तेव्हा घरातला दुसरा फोन घ्या. रात्री नऊला बघा, दुपारी नाही. आणि 'ऑटो चॅनल'वर फार विसंबू नका. बरेच राउटर फक्त चालू होताना चॅनल निवडतात आणि मग महिनोन् महिने तिथेच बसतात. लाइट जाऊन आली की इमारतीतले सगळे राउटर एकदमच जागे होतात, एकदमच कानोसा घेतात. सगळ्यांना एकच चॅनल मोकळा वाटला तर सगळे तिथेच जाऊन बसतात! मोडमध्ये 'बी' चालू असेल आणि घरात फार जुनं उपकरण नसेल तर 'बी' काढून टाका. बहुतेक राउटरमध्ये त्यामुळे ती मंद हाळीही वेगवान होते.

५ साठी रुंदी ८० पासून सुरुवात करा. गर्दी असेल तर ४०. १६० चा मोह टाळा. रुंदी दुप्पट केली की तीच ताकद दुप्पट जागेत पसरते, म्हणजे लांबच्या खोलीत उलट नुकसान. चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हे सोपे. मधले, ५२ ते १४४, बऱ्याचदा रिकामे असतात, पण तिथे रडारचा मान आधी. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचा सी बँडचा रडार आहे, तो याच परिसरात काम करतो. म्हणून या चॅनलवर जाण्याआधी राउटर साधारण एक मिनिट नुसता ऐकत बसतो, आणि मधेच रडारची चाहूल लागली तर त्याला चॅनल सोडावा लागतो. मुलाखत चालू असताना असं झालं तर पंचाईत. ज्यांच्याकडे त्रास होत नाही त्यांनी जरूर वापरावेत.

दोन्ही बँडना नाव एकच ठेवावं की वेगळं? कुठल्या बँडवर जायचं हे शेवटी फोन ठरवतो, राउटर नव्हे, आणि फोन पुष्कळदा २.४ ला चिकटून बसतो कारण तिथे आवाज मोठा येतो. घरात वयस्कर मंडळी असतील तर एकच नाव ठेवा, डोक्याला ताप नको. पण राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ची ताकद 'मध्यम' करा, म्हणजे फोन आपसूक ५ कडे वळतात. स्वतः हाताळणारे असाल तर दोन नावं ठेवा. लॅपटॉप, फोन, टीव्ही ५ वर. स्मार्ट प्लग, दिवे, बरेचसे कॅमेरे यांना फक्त २.४ च येतं, ते तिकडे.

ताकद पूर्ण वाढवून काही होत नाही, हे त्यातच सांगून टाकतो. तुम्ही राउटरला ओरडायला लावलंत तरी फोनची कुजबुज तेवढीच राहते. संभाषण दोन्ही बाजूंनी व्हायला हवं ना? वर शेजारच्याची रांग वाढली, आणि तोही उद्या आपली ताकद वाढवणार.

राउटर ठेवायचा कुठे, याबद्दल भांडणं होतात. बसवणारा माणूस केबल दारातून आली की तिथेच खिळा मारतो, किंवा भिंतीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावतो. वीस-पंचवीस फूट केबल जास्तीची मागा आणि राउटर घराच्या मध्याशी, खांद्याच्या उंचीवर, उघड्यावर आणा. दिसायला वाईट दिसतं, मान्य.

टीव्ही आणि डेस्कटॉप जागचे हलत नाहीत. त्यांना केबल लावा. रांगेतून दोन मोठे हंडे कमी झाले.

प्रश्नांकडे वळू.

(प्रश्न : बेडरूमसाठी रिपीटर घेतला आहे, तरी वेग अर्धाच मिळतो.)

साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर परत बोलतो. प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा गेली, म्हणून अर्धा. बेडरूमपर्यंत केबल नेऊन तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. केबल शक्यच नसेल तर मेश घ्या, पण राउटरशी बोलायला वेगळा रेडिओ असलेला. आणि दुसरा डबा सिग्नल संपतो तिथे ठेवू नका, जिथे तो अजून चांगला येतोय तिथे ठेवा. आकड्यात सांगायचं तर उणे ६५ डीबीएमच्या आसपास. उणे ७५ ला ठेवलात तर तोही बिचारा उपाशी.

(प्रश्न : सोसायटीतल्या सगळ्यांनी चॅनल वाटून घेतले तर?)

हाच प्रश्न यावा अशी माझी इच्छा होती. हॉटेलांत, ऑफिसांत नेमकं हेच करतात. शेजारशेजारच्या आणि वर-खालच्या घरांना एकच आकडा येऊ नये असे १, ६, ११ वाटायचे, सगळ्यांनी रुंदी २० ठेवायची. वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगवर दोन तास जातात, यावर दहा मिनिटं द्या. पूर्ण विंगने नाही ऐकलं तरी एकाच मजल्यावरच्या चार घरांनी केलं तरी फरक पडतो, कारण सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो.

(प्रश्न : ६ गिगाहर्ट्झचा राउटर घ्यावा का?)

अमेरिकेने २०२० मध्ये तो पट्टा खुला केला. आपल्याकडे मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठी मसुदा नियम काढले. घरात कमी ताकदीवर वापरण्यासाठी, एकूण ५०० मेगाहर्ट्झ. जागा भरपूर आणि जुनं एकही उपकरण नाही, म्हणून तंत्र छान आहे. पण भिंतीच्या बाबतीत ते ५ पेक्षा थोडं दुबळंच. आणि तुमच्या फोन-लॅपटॉपमध्ये ६ चा रेडिओ नसेल तर त्या राउटरचा तो भाग शोभेला राहील. आधी घरातली उपकरणं बघा, मग खरेदी.

(प्रश्न : आमचं घर रत्नागिरीजवळ आहे, जांभ्या दगडाचं. आई-वडील तिथे एकटे असतात. तिकडेही ५ च वापरायचं?)

नाही. तिथे गणित उलटं. शेजारी पन्नास पावलांवर, म्हणजे रांग जवळपास नाहीच. प्रश्न आहे तो जाड भिंतींचा. तिथे २.४ वरच भर द्या, २० ची रुंदी, १, ६, ११ पैकी कुठलाही चॅनल, ताकद पूर्ण. दोन्ही बँडना एकच नाव. माजघरात राउटर ठेवा, दारं शक्यतो एका रेषेत येतील असा. तुमच्याशी व्हिडिओ कॉल पडवीत बसून होत असेल तर तिथपर्यंत एक केबल ओढून छोटा ॲक्सेस पॉइंट लावून या. आणि राउटर आणि फायबरचा डबा, दोघांनाही छोटा बॅटरी बॅकअप द्या. पावसाळ्यात तिकडे वायफायच्या आधी लाइट जाते.